जुने व्हिडिओ गेम स्वस्तात जमवताय? मग या चुका टाळा

बाराशे रुपयांत प्लेस्टेशन २, दोन रिमोट आणि वर आठ-दहा डिस्क. ‘घरात पडूनच होतं की, घेऊन जावा,’ असं विकणारा म्हणाला, आणि मीही घासाघीस न करता उचललं. घरी येऊन खालचे स्क्रू काढले तर आतून वाळलेला गाळ पडला. पंख्याच्या पात्यांवर गाळ, पॉवर सप्लायवर गाळ, डिस्कच्या ट्रेखाली तर गाळाचा थर. प्रश्न एवढाच उरला होता, पूर २०१९ चा की २०२१ चा?

कोल्हापुरात जुनं इलेक्ट्रॉनिक सामान घेणाऱ्यानं पंचगंगेची पातळी विसरून चालत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या दोन्ही वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, दुधाळी भागात तळमजल्यावरच्या घरांत शिरलं. भिजलेलं सामान लोकांनी वाळवलं, पुसलं, माळ्यावर टाकलं. त्यात काही फसवणूक नाही, पुष्कळदा विकणाऱ्यालाही ते आठवत नसतं. आठवण आपण ठेवायची.

पुरातलं मशीन ओळखणं अवघड नाही. स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस गंज, मेमरी कार्डाच्या खाचेतल्या पत्र्यावर डाग, हवेच्या जाळीत करड्या रंगाची भुकटी, खालचं स्टिकर फुगलेलं. सगळ्यात खात्रीचा म्हणजे वास. जाळीजवळ नाक न्या, ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला तर पुढं बोलणी करू नका. वरवर कोरडं दिसलं तरी तो गाळ पावसाळ्यात हवेतला ओलावा धरतो आणि बोर्डावरची तांब्याची रेघ न रेघ खात बसतो. आणि घेतलंच असेल तर ‘लावून तर बघू’ म्हणून प्लगमध्ये घालू नका. आधी उघडा, साफ करा, पूर्ण वाळवा. मात्र ज्या मशीनमध्ये घरची वीज थेट आत जाते तिच्या पॉवर सप्लायला तुम्ही स्वतः हात लावू नका. आपले २३० व्होल्ट आत गेल्यावर तिथल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवून ठेवणारा भाग) ३२० च्या आसपास होतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथंच राहतात. ते काम टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाचं.

मी दहा-बारा वर्षं हे उद्योग करतोय. आजवरचा हिशेब मांडला तर कॅसेटींना दिलेले पैसे थोडे आणि स्वतःच्या घाईला दिलेले जास्त निघतील. म्हणून कुणी नवखा विचारायला आला, ‘दादा, सुरुवातीला कुठला गेम घेऊ?’ तर मी सांगतो, आधी मल्टिमीटर घे, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर. काहीशे रुपयांत येतो. त्यानं किती मशीन वाचतात ते पुढं वाचा.

अडॅप्टर: बसला म्हणजे जमला असं नव्हे

ही माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. माळ्यावरून आठ-बिटचा जुना गेम काढला, त्याचा अडॅप्टर हरवलेला. घरातल्या इंटरनेटच्या डबीचा अडॅप्टर ९ व्होल्टचाच होता, पिनही नीट बसली. बटण दाबलं आणि तीन सेकंदांत जळका वास. व्होल्ट बरोबर होते, पण उलटे. त्या अडॅप्टरच्या पिनेत मधे धन आणि बाहेर ऋण, आणि गेमला हवं होतं त्याच्या बरोबर उलट.

जुन्या जपानी घडणीच्या मशीनमध्ये मधे ऋण असणं नेहमीचं आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या मूळ फॅमिकॉम गेमला १० व्होल्ट लागतात, मधे ऋण. आपल्याकडचे ‘टीव्ही गेम’ त्याच्याच नकला, त्यामुळं बहुतेकांची तीच तऱ्हा. सेगाच्या मेगा ड्राइव्हनं तर कमाल केली आहे: पहिल्या मॉडेलला मधे ऋण, दुसऱ्याला मधे धन. अडॅप्टरवर एक गोल आणि त्याला जोडलेली + आणि − ची खूण असते, तशीच मशीनवरही असते. दोन्ही जुळतात का ते बघा आणि खूण पुसली असेल तर मल्टिमीटर लावा. अँपिअर मात्र अडॅप्टरवर जास्त लिहिलेले चालतात, कमी चालत नाहीत.

जुने जड, ट्रान्सफॉर्मरचे अडॅप्टर आणखी एक गंमत करतात. वर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण मशीनला जोडलेले नसताना मीटर १२-१३ दाखवतो. गेमच्या आतला ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर (व्होल्ट कमी करून स्थिर ठेवणारा भाग) ते निभावून नेतो, पण तापतो. माझा जळला तो हाच. वीस रुपयांच्या आत नवा मिळाला आणि मशीन पुन्हा चालू झालं, म्हणून आज हसून सांगतोय. जळका वास आला म्हणून अख्खं मशीन भंगारात देऊ नका, आधी हा तपासून घ्या. बोर्डावरचा काळा डांबराच्या ठिपक्यासारखा गोळा गेला असेल तर मात्र नमस्कार करायचा. सगळी चिप त्या गोळ्याखाली असते, तिथं कुणाचाच हात पोचत नाही.

आता अमेरिकेतल्या काकांनी आणलेल्या प्लेस्टेशनची गोष्ट. कोल्हापुरात अशी मशीन विकायला बऱ्यापैकी येतात. जाड प्लेस्टेशन २ च्या मॉडेल नंबरच्या शेवटी ०१ असेल, म्हणजे ३०००१ किंवा ५०००१ वगैरे, तर ते अमेरिकेचं, १२० व्होल्टचं. आपल्या प्लगमध्ये घातलं की संपलं. व्होल्ट उतरवणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरा आणि मग स्वस्त पडतंय का ते ठरवा. शिवाय अशा मशीनवर भारतात विकल्या गेलेल्या मूळ डिस्क चालत नाहीत, कारण मशीन आणि डिस्क एकाच प्रदेशासाठी बनवलेली लागतात. माझं मत विचाराल तर सोडून द्या.

‘चित्रच येत नाही, बिघडलाय’

यातले निम्मे गेम बिघडलेले नसतात, टीव्ही बदललेला असतो. पूर्वी अँटेनाच्या भोकात वायर खोचून चॅनेल शोधायचो, आठवतं? काही नव्या टीव्हींत तो जुना सिग्नल धरण्याची सोयच उरलेली नाही. मागं पिवळी-पांढरी पिन असेल तर आधी ती वापरा. बऱ्याच नव्या टीव्हींवर तीन रंगांच्या भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं. त्याची केबल बाजारात मिळते, पण प्रत्येक कंपनीची आतली जोडणी सारखी नसते. चित्र नाही आणि स्पीकरमधून घरघर येतेय, तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या वायरला लावून बघा. मी या एका युक्तीवर दोन ‘बंद’ गेम चालू केलेत.

चित्र येतंय पण कृष्णधवल? एनटीएससी आणि पाल या टीव्हीच्या रंगीत सिग्नलच्या दोन पद्धती. गेम एनटीएससीचा आणि टीव्ही फक्त पाल समजणारा. मेनूमध्ये कलर सिस्टिम ‘ऑटो’ करून बघा. उलट, पाल आवृत्तीचे बरेच जुने गेम सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रांवर चालतात, म्हणजे सुमारे १७ टक्के संथ. लहानपणी आपण एवढे पटाईत कसे होतो आणि आता का मरतो, याचं थोडं उत्तर यात असावं. थोडं वयातही आहे.

एलसीडीवर बटण दाबल्यावर उडी उशिरा येते. टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा, फरक पडतो. एव्हीचं, म्हणजे त्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या सिग्नलचं, एचडीएमआय करणारी स्वस्त डबी घ्यायची तर चित्र थोडं पुसट आणि आणखी किंचित उशिरा येणार, हे धरून चला. आणि बदकं मारायची बंदूक एलसीडीवर चालतच नाही. ट्रिगर ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड नेमक्या वेळी शोधतो. एलसीडी तो चौकोन उशिरा दाखवते. ‘बंदूक खराब आहे, निम्मी किंमत लावा’ म्हणून घासाघीस करायला मात्र हे बरं पडतं. (मी केलीय. नंतर वाईट वाटलं.)

बंदूक हवीच असेल तर पिक्चर ट्यूबचा १४ इंची टीव्ही बघा. लोक तो भंगाराच्या भावात देतात, कधी कधी ‘तेवढा उचलून न्या’ म्हणून फुकटही. चालू असेल तरच घ्या आणि मागचं झाकण कधीही उघडू नका. ट्यूब बंद केल्यावरही हजारो व्होल्ट धरून बसते.

कॅसेट: फुंकर नको, सॅनिटायझर नको

फुंकर मारून कॅसेट चालायची हे खरं आहे, पण फुंकरीनं नव्हे. काढून पुन्हा घातल्यावर पिना घासल्या जायच्या म्हणून चालायची. फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना काळ्या पडतात, निन्टेन्डोनंही फुंकू नका असंच बजावलं होतं. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कानाची कापसाची काडी बुडवा, पिळा, पिनांवरून फिरवा, काळं निघायचं थांबेपर्यंत. स्टिकरला लागू देऊ नका, शाई उतरते. कोरोनाच्या दिवसांतला सॅनिटायझर घरात पडून आहे म्हणून तो वापरणारे मला भेटलेत. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, पिना चिकट होतात. रिमोटची बटणं दबत नसतील तर आतल्या काळ्या रबरी टिकल्यांनाही हाच उपाय.

दुसरी चूक ऑनलाइन मागवण्याची. आपले जुने टीव्ही गेम ६० पिनांच्या जपानी आकाराच्या कॅसेटी घेतात. अमेरिकी निन्टेन्डोची कॅसेट ७२ पिनांची, मोठी, करडी. मी हौसेनं एक मागवली होती. अजून शोकेसमध्ये आहे, चालवायला मशीन नाही. रिमोटच्या नऊ पिनांचंही तसंच: सेगाचा रिमोट आपल्या गेममध्ये दिसायला बरोबर बसतो, पण आतली जोडणी वेगळी असते. खोचू नका.

निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉय अॅडव्हान्सच्या कॅसेटी, विशेषतः पोकेमॉनच्या, बाजारात बहुतेक नकली. खऱ्या कॅसेटच्या स्टिकरवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, उजेडात तिरपं धरलं की दिसतात. पिनांच्या वर बोर्डावर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं. नकली घेणं पाप नाही, नकलीला असलीचा भाव देणं हा मूर्खपणा. जुन्या गेम बॉयच्या पोकेमॉनमध्ये सेव्ह ठेवायला आत सेल असतो. तो संपला की गेम चालतो पण सेव्ह राहत नाही. सेल बदलताना जुनं सेव्ह जातं. चिकटपट्टीनं सेल लावू नका, डाख द्या.

डिस्क बघताना लोक चमकणारी बाजू बघतात. सीडीवर खरी भीती छापील बाजूची: माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, तिथं ओरखडा गेला तर काहीच करता येत नाही. डीव्हीडीत तो थर मधोमध असल्यानं ती जास्त सोसते. प्लेस्टेशन १ ची मूळ डिस्क खालून काळी असते, प्लेस्टेशन २ ची सीडी निळी. डिस्क वाचत नसेल तर आधी लेन्स पुसा. लेसरचा स्क्रू फिरवणं हा शेवटचा उपाय, पण कारागीर तो पहिला करतात.

पीएसपी (हातात धरून खेळायचं प्लेस्टेशन) घेताना मागचं झाकण उघडून बॅटरी टेबलावर ठेवा. ती डुलली, गोल फिरली, तर फुगलेली आहे. तिला टोचू नका, चार्ज करू नका. एवढं पुरे.

जून ते सप्टेंबर

आपल्या पावसाळ्यात संग्रह जपणं हे विकत घेण्यापेक्षा जास्त कष्टाचं. रिमोट, गेम बॉय यांतले सेल मे महिन्यातच काढून ठेवा. गळालेल्या सेलनं स्प्रिंग पांढरी-हिरवी पडली असेल तर व्हिनेगरचा थेंब काडीवर घेऊन पुसा, मग अल्कोहोल. कॅसेटी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आतली ओल आतच राहते. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी वर्षभर जमवतो, बायको त्याला दुसरा संग्रह म्हणते. आईनं माझ्या कपाटात मायेनं डांबरगोळ्या टाकल्या होत्या. सीडीच्या पारदर्शक डब्या पॉलीस्टायरीनच्या असतात आणि डांबरगोळ्यांच्या वाफेनं हे प्लास्टिक मऊ पडतं. दोन डब्या एकमेकींना चिकटल्या त्या कायमच्या.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करण्याच्या भानगडीत पडू नका. केसांना लावायचं पेरॉक्साइड फासून उन्हात ठेवलं की पट्टे उठतात, आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो.

आणि काय जमवायचं?

सगळ्यात महागडी चूक दुसऱ्याच्या लहानपणाची खरेदी करण्याची. सेगा मेगा ड्राइव्ह १९९५ च्या सुमारास भारतात शॉ वॉलेस कंपनीमार्फत आला तेव्हा त्याची किंमत १८ हजार रुपये होती. राजारामपुरीत किती घरांत असेल? आपण खेळलो ते ‘लिटल मास्टर’ आणि त्याची नावं बदललेली भावंडं. त्यांना नकली म्हणून नाक मुरडणारे आज परदेशी साइटवरून मूळ मशीन मागवतात, कस्टम भरतात, वर वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतात. तोवर मंगळवार पेठेतल्या एखाद्या माळ्यावर काँट्राची पिवळी कॅसेट धूळ खात पडलेली असते. ओळखीपाळखीत, मामा-मावशीकडे, दिवाळीच्या साफसफाईच्या आठवडाभर आधी विचारून ठेवा. साफसफाई झाल्यावर ती भंगारवाल्याकडं गेलेली असते.

तशी कॅसेट मिळाली आणि तिच्यावर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेलं असलं तर एक रविवार काढून वही घेऊन बसा आणि वेगळे गेम किती ते मोजा. माझ्या एकीत अकरा निघाले, त्यातला एक दोनदा, दुसऱ्यांदा मारिओ फक्त हिरवा.