लाल टोपण, नारिंगी टोपण
खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकून मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बेळगावात आले, तेव्हा फार्माकॉलॉजीचं, म्हणजे औषधशास्त्राचं, पुस्तक उघडलं की धस्स व्हायचं. पुस्तक इंग्रजीत, वर्गातलं निम्मं बोलणं कन्नडात. मी औषधांची नावं घोकली, पासही झाले. पण औषध हातात धरून वाचायला शिकले ती नोकरीत.

एका लहान नर्सिंग होममधली रात्रपाळी होती. ऑर्डर इन्शुलिन 20 युनिट. फ्रिजमधून बाटली काढली, ट्रेमधली सिरिंज घेतली, 20च्या रेघेपर्यंत भरली. एवढ्यात सीनियर अक्कांनी माझं मनगट धरलं. "टोपण बघ. आता बाटली वाच." सिरिंजचं टोपण लाल, म्हणजे ती 1 मिलीत 40 युनिट असलेल्या इन्शुलिनची. बाटलीवर छापलेलं होतं 1 मिलीत 100 युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20च्या रेघेला अर्धा मिली बसतो, आणि त्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे 50 युनिट. झोपायला निघालेल्या बाईला मी अडीचपट इन्शुलिन टोचणार होते. तिची साखर झोपेतच उतरली असती आणि पहाटेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

100च्या बाटलीला नारिंगी टोपणाचीच सिरिंज लागते. उलटी गल्लत झाली, म्हणजे 40ची बाटली नारिंगी सिरिंजने भरली, तर 20 ऐवजी 8च युनिट जातात. म्हणून नर्सिंग शिकणाऱ्यांनो, लेबल तीनदा वाचा: काढताना, भरताना, टोचण्याआधी. इन्शुलिन दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देऊ नका, ती कितीही घाईत असली तरी. आणि लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं, आणि 4चे 40 होतात.

आपल्या भागात पाटील किती, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एकाच वॉर्डात तीन पाटील मी पाहिलेत. "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं की ग्लानीतला माणूस हो म्हणतो. पूर्ण नाव त्याच्याच तोंडून येऊ द्या, मग मनगटावरचा पट्टा आणि केसपेपर जुळवा. कन्नड पेशंट असेल तर "निम्म हेसर एनरी?" (तुमचं नाव काय?) आणि "ऊटा आतेनरी?" (जेवण झालं का?) एवढं तरी यायलाच हवं. जेवण झालंय की नाही हे न विचारता इन्शुलिन कसं देणार? कन्नड शिका, लाजू नका. चुकीचं बोललात तरी पेशंट सांभाळून घेतो.

पोटॅशियम क्लोराइडबद्दल मी फार कडक आहे. त्याच्या 10 मिलीच्या अँप्युलमध्ये, म्हणजे छोट्या सीलबंद कुपीत, 20 मिलीइक्विव्हलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं, आणि ती डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखी दिसते. ती थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. नेहमी सलाइनमध्ये मिसळून, बाटली नीट उलटसुलट हलवून, सावकाश. दोन्ही अँप्युल एकाच खणात दिसल्या तर त्याच क्षणी वेगळ्या करा.

औषधांचा अभ्यास त्यांच्या गटांनुसार करा. 'ओलॉल'वर संपणारी औषधं नाडी मंदावतात, म्हणून आधी नाडी आणि बीपी बघायचं. 'प्रिल'वर संपणाऱ्या बीपीच्या औषधांनी कोरडा खोकला येऊ शकतो. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. मोठ्या माणसाचे 60च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा. खिशात छोटी वही ठेवा. रोज वॉर्डात दिलेलं एक औषध, ते का दिलं आणि देण्याआधी काय बघायचं, हे मराठीत लिहा. माझ्या अशा चार वह्या भरल्या आणि पुस्तकातलं इंग्रजी आपोआप उलगडत गेलं.

फोनवरची ऑर्डर लिहून घ्या, डॉक्टरांना परत वाचून दाखवा, आणि ते आले की सही घ्या.

एवढं करूनही चूक झालीच, तर आधी पेशंटजवळ जा. नाडी, बीपी, श्वास बघा, इन्शुलिन असेल तर साखर तपासा. लगेच डॉक्टरांना कळवा आणि जे दिलं, जितकं दिलं, तेच केसपेपरवर लिहा. रागावतील, रागावू द्या. कोणतं औषध किती गेलं हे कळल्याशिवाय त्यांना उपाय करता येत नाही.