तोंडातला पांढरा चट्टा: ब्रशने नमुना कसा घ्यावा, कधी घेऊ नये

तंबाखू, मिश्री, खर्रा किंवा मावा खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला, तर ब्रशने पेशी खरवडून त्यांत कर्करोगाकडे झुकणारा बदल आहे का, हे स्लाइडवर तपासता येतं. इंजेक्शन लागत नाही, टाका पडत नाही. पण ही सोय साध्या दिसणाऱ्या चट्ट्यासाठीच आहे. मखमली लाल डाग, कडक कडांची जखम, बोट लावताच रक्त येणारी वाढ, यांतलं काही दिसलं तर ब्रश बाजूला ठेवा आणि रुग्णाला थेट तुकड्याच्या बायोप्सीसाठी, म्हणजे छोटा तुकडा कापून तपासण्यासाठी, पाठवा. अशा ठिकाणी ब्रशचा अहवाल 'काही नाही' असा आला, की रुग्ण निर्धास्त होतो आणि रोग मात्र वाढत राहतो.

आधी नीट पाहा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीमुळे तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. कवळी काढायला लावा, चूळ भरून घ्या. तंबाखूची गोळी कोणत्या बाजूला धरता, हे विचारा आणि खालच्या हिरडी व गालामधली ती खाच ओढून उघडी करा. आपल्याकडे रोग तिथेच फार सापडतो. जिभेचं टोक गॉझने धरून दोन्ही कडा अगदी मागेपर्यंत बघा. मागची कड हमखास राहून जाते. चट्टा गॉझने पुसा: निघून गेला आणि खाली लालसर राहिलं तर बहुधा बुरशी, निघाला नाही तर चट्टा खरा. मग बोटाने दाबून कडकपणा जोखा आणि मान दोन्ही बाजूंनी चाचपा. रुग्णाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील तर तशी नोंद करा.

ब्रश हातात घेण्याआधी सगळी मांडणी करून ठेवा, कारण नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा तोंडात नाही, टेबलावर. स्लाइडच्या खरखरीत टोकावर शिसपेन्सिलने नाव, तारीख आणि जागा लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. ९५ टक्के इथाइल अल्कोहोलच्या बरणीचं झाकण आधीच उघडून ठेवा. बधिर करणारं जेल लावू नका, त्याचा थर पेशींबरोबर स्लाइडवर येतो.

चट्टा कोरडा असेल तर रुग्णाच्याच लाळेने ओलसर करा. कडक केसांचा ब्रश चट्ट्यावर टेकवून, दाब कायम ठेवून, एकाच जागी पाच ते दहा वेळा फिरवा. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले की थांबा. ठिपके आलेच नाहीत तर वरचा मेलेला थर तेवढा निघालाय आणि ज्या खोल पेशींत बदल सुरू होतो त्या आलेल्याच नाहीत. जाड चट्ट्यात ही चूक फार होते. मऊ ब्रशही वरवरच्याच पेशी आणतो.

आता घाई करा. ब्रश स्लाइडवर एकाच दिशेने फिरवत लोळवा. मागे-पुढे घासलात तर पेशी चिरडतात. स्लाइड ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवा, किमान पंधरा मिनिटं राहू द्या. हवेत वाळलेल्या पेशींची केंद्रकं फुगलेली, पुसट दिसतात आणि तपासणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. त्याच जागेच्या दोन स्लाइड करा. द्रव माध्यमाची (पेशी टिकवणाऱ्या द्रवाची) बाटली मिळत असेल तर उत्तम: ब्रशचं डोकं तिच्यातच टाका.

चट्टा मोठा असेल आणि तुकडा नेमका कुठून घ्यावा कळत नसेल, तिथे टोल्युडीन ब्लू हा निळा रंग कामाला येतो. १ टक्का अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने वीस सेकंद चूळ, मग पाणी, १ टक्का रंग मिनिटभर, पुन्हा अ‍ॅसिड, पुन्हा पाणी. गडद निळा राहिलेला भाग तुकड्यासाठी निवडा. साधी जखमही रंग धरते आणि जिभेच्या पाठीवरचा खरखरीतपणाही. म्हणून दात टोचत असेल तर त्याची धार घासून बोथट करून, दोन आठवड्यांनी पुन्हा रंगवा.

अहवालात संशयास्पद पेशी आल्या तर पुढची पायरी तुकड्याची बायोप्सी; उपचार ब्रशच्या भरवशावर सुरू करू नये. अहवाल चांगला आला, पण कारण दूर करूनही दोन आठवड्यांत चट्टा तसाच, तरीही बायोप्सीच. अहवाल आणि डोळे यांत मतभेद झाला तर डोळ्यांचं ऐका.

घशाचं गणित वेगळं आहे. टॉन्सिलच्या खोल खाचांत ब्रश पोचत नाही. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला, गिळताना दुखणं, एकाच कानात कळ, मानेत न दुखणारी गाठ, असं काही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. नाकात बधिरतेचा फवारा मारून बारीक, लवचिक दुर्बीण घशात उतरवतात. बधिरता जाईपर्यंत खाणंपिणं बंद, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. मानेच्या गाठीतून बारीक सुईने पेशी काढतात, शक्यतो सोनोग्राफीत पाहून. ही गाठ आधीच चिरून काढू नका: मूळ रोग घशात असेल तर पुढचे उपचार अवघड होतात. सुईच्या नमुन्यात गरजेनुसार एचपीव्हीची (घशाच्या काही कर्करोगांमागच्या विषाणूची) चाचणीही होते.

चिठ्ठीत चट्ट्याची जागा, मिलिमीटरमधलं माप, रंग, कडकपणा आणि व्यसनाची वर्षं लिहा. रुग्णाचा फोन नंबर स्वतःकडे ठेवा आणि ठरलेल्या तारखेला तो पोचला का, हे विचारा.