औषधरोधी क्षयरोगात मेरोपेनेम वापरताना

क्षयाच्या जंतूकडे ब्लासी (BlaC) नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते पेनिसिलिनच्या कुळातील औषधे निकामी करते. म्हणूनच ही औषधे क्षयरोगावर अनेक दशके निरुपयोगी मानली गेली. क्लॅव्हुलॅनिक आम्ल त्या विकराला कायमचे बंद पाडते आणि मग याच व्यापक कुळातील मेरोपेनेम या प्रतिजैविकाला जंतूच्या पेशीभित्तिकेवर काम करता येते.

तरीही हे पहिल्या पसंतीचे औषध नव्हे. बेडाक्विलिन, लिनेझोलिड यांसारख्या तोंडी औषधांतून पुरेशी प्रभावी जुळणी होत नसेल, तरच त्याचा विचार करावा. तो निर्णय नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतील तज्ज्ञांनी औषध-संवेदनशीलता चाचणीचा (जंतूवर कोणते औषध चालते हे पाहणारी चाचणी) अहवाल पाहून घ्यावा.

प्रौढांना साधारणतः १ ग्रॅम दिवसातून तीनदा किंवा २ ग्रॅम दोनदा शिरेतून देतात. मूत्रपिंड कमजोर असल्यास मात्रा कमी करावी लागते. क्लॅव्हुलॅनिक आम्ल सुटे मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक मात्रेपूर्वी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटची गोळी द्यावी, ज्यात क्लॅव्हुलॅनिक आम्ल १२५ मिलिग्रॅम असते. ही गोळी उपचाराच्या जुळणीतील प्रभावी औषधांच्या संख्येत मोजू नये. ही गफलत सहज होते.

पेनिसिलिनची ॲलर्जी आधी विचारावी. रुग्ण फिटसाठी व्हॅल्प्रोएट घेत असेल तर मेरोपेनेम शक्यतो टाळावे, कारण त्याने व्हॅल्प्रोएटची रक्तातील पातळी झपाट्याने घसरते. विरघळवलेले औषध उष्णतेत लवकर कमकुवत होते, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात ते आधीच तयार करून खिडकीशी ठेवू नये. बाटली ऐन वेळी फोडावी.