कार्बन फायबरला इपॉक्सी धरत नाही? प्लाझ्मा मारायच्या आधी हे वाचा

जळगावच्या एका शेडमध्ये आम्ही फवारणीच्या ड्रोनचे आर्म जोडतो, कार्बनची नळी अन् तिच्यावर ॲल्युमिनियमचा क्लॅम्प. पहिल्या लॉटमधले काही जोड तर हातानं पिळले तरी सुटले, अन् सुटलेला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) पाहिला तर नळीकडच्या बाजूनं काचेसारखा चकचकीत, म्हणजे तो चिकटलाच नव्हता भो, नुसता टेकून बसला होता.

केळीच्या पानावर पाणी टाकलं की कसे गोळे होऊन पळतात, मोल्डमधून निघालेल्या कार्बन पार्टवर इपॉक्सीची तीच गत होते. प्लाझ्मा म्हणजे हवेला हाय व्होल्टेज देऊन बनवलेला झोत, तो वरची अगदी बारीक घाण उडवतो अन् रेझिनच्या, म्हणजे कार्बनचे तंतू बांधून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या, पृष्ठभागावर ऑक्सिजनवाले गट बसवतो, मग गोंद पसरतो आणि धरतो.

पण पार्ट मोल्डमधून सुटावा म्हणून सिलिकॉनचा रिलीज स्प्रे मारलेला असेल तर प्लाझ्मा तो जाळून टाकत नाही, त्याचा उलट काचेसारखा थर करून ठेवतो. आमची चूक हीच होती. म्हणून आधी लिंट न सोडणाऱ्या कापडानं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), एका कापडानं ओलं पुसायचं अन् सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं उचलायचं, तेच कापड परत फिरवलं की घाण फक्त इकडची तिकडे. मग २२० चा सँडपेपर हलक्या हातानं, फायबर उघडे पडायला नको, अन् परत आयपीए. घासताना मास्क लावा आणि मशीनचं पॅनल बंद ठेवा, कार्बनची धूळ करंट वाहते, बोर्ड उडवते.

आता प्लाझ्मा. हातात धरायचं कोरोना मशीन (उघड्या ठिणगीनं प्लाझ्मा करणारं) घेऊ नका, कार्बनवर ठिणग्या पाडतं, झोत मारणारा जेटवाला बरा. आमचा नोझल १० मिमीवर असतो, पट्टे एकमेकांवर थोडे चढवत एकसारख्या स्पीडनं. स्पीड दुसऱ्याचा कॉपी करू नका, स्क्रॅप तुकड्यांवर तीन-चार स्पीड मारून, चिकटवून, तोडून ठरवा. जास्त मारलं की रेझिन करपतं अन् वरचा थरच कमजोर होतो, मग जोड तिथूनच जातो. ओझोनचा वास येतो, एक्झॉस्ट लावाच.

झालं का ते पाण्यानं बघा, पण खऱ्या पार्टवर नाही, सोबत मारलेल्या स्क्रॅपवर. पाणी बॅटरीचं डिस्टिल्ड घ्या, बोअरचं क्षार सोडतं. थेंब पसरून एकसंध पातळ थर राहिला तर चांगलं, गोळा झाला तर परत पुसण्यापासून.

यानंतर उशीर नको, प्लाझ्माचा असर उतरत जातो. आम्ही अर्ध्या तासात गोंद लावतो, अन् त्या जागेला बोट लावू देत नाही, मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्रीला घामच इतका असतो. त्या उन्हात इपॉक्सीचा पॉट लाइफ (मिसळल्यावर घट्ट व्हायच्या आतला वेळ) पण पळतो, दर १० डिग्रीला निम्मा धरा, म्हणून मिक्स थोडं-थोडं करा, शक्यतो सकाळीच. ॲल्युमिनियमची तयारी वेगळी, पण मधे ग्लास फायबरचा पातळ कापड थर द्या, नाहीतर कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यात गंजतं, अन् ड्रोन तर औषधाच्या पाण्यातच फिरतो.

दर लॉटचा एक जोड मुद्दाम तोडा. दोन्ही बाजूंना गोंद राहिला किंवा नळीचे काळे तंतू गोंदासोबत उपटून आले तर लॉट पाठवा, एक बाजू चकचकीत दिसली तर थांबवा.