सीडी-४चा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

"मागच्या वेळी ५१० होता, आता ४३०. गोळ्या लागू पडत नाहीत का हो?" घड्या पडून मऊ झालेला कागद आणि आकड्याखाली पेनाने मारलेली रेघ. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरच्या बाकावर हा प्रश्न रोजचाच.

एका आकड्यावरून निकाल लावणं ही सगळ्यात मोठी चूक. एक घन मिलिमीटर रक्तात किती सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) आहेत, एवढंच तो सांगतो. निरोगी माणसात साधारण ५०० ते १५००. तो सकाळी कमी भरतो, संध्याकाळी चढतो. ताप किंवा स्टिरॉइडनेही उतरतो. म्हणून आधी शेजारची टक्केवारी (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपैकी सीडी-४ किती) बघा, मग मागचे दोन-तीन रिपोर्ट, आणि मुख्य म्हणजे व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे तो आकडा. औषध काम करतंय की नाही, हे तोच सांगतो.

"साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत, म्हणजे एचआयव्ही नसणार," हेही ऐकू येतं. सीडी-४ घटतात तशा सीडी-८ या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात, त्यामुळे बेरीज बराच काळ जुळलेलीच दिसते. बिघडतं ते दोघींचं प्रमाण. एरवी सीडी-४ जास्त असतात, इथे पारडं उलटतं आणि उपचारांनंतरही अनेकांचं पूर्ण सरळ होत नाही. शिवाय रक्तात दिसतो तो फार लहान हिस्सा. आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशी पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणावर मरतात. तेव्हा माणसाला वाटतं, साधा फ्लू झालाय. आणि मरणाऱ्या सगळ्याच पेशींत विषाणू वाढत असतो असंही नाही. आजूबाजूच्या दाहातही पुष्कळ जातात.

काउंट ५००च्या वर आहे म्हणून गोळ्या लांबवू नका. भारतात २०१७पासून काउंट कितीही असला तरी उपचार सुरू करतात.

आणि काउंट सुधारला म्हणून गोळ्या सोडू तर मुळीच नका. विषाणू झोपलेल्या स्मृतिपेशींत (जुने संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या सीडी-४ पेशींत) दडून असतो. गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत वर येतो. काउंट बघून औषध थांबवायचं-सुरू करायचं, हे 'स्मार्ट' (SMART) नावाच्या मोठ्या वैद्यकीय चाचणीत रुग्णांवर करून बघितलं होतं. थांबवणाऱ्यांत आजार आणि मृत्यू जास्त झाले, म्हणून २००६मध्ये तो प्रयोगच आवरता घेतला.

त्या ४३०वाल्यांना विचारलं, रक्त दिलं तेव्हा तब्येत कशी होती? "चार दिवस तापाने पडून होतो." टक्केवारी २६. मागच्या वेळीही २६च होती.