चीनमध्ये शिकवायला जाताय? पहिल्या महिन्यातल्या या चुका टाळा

चीनमध्ये शिकवायला येणाऱ्या आपल्या लोकांना काळजी असते ती भाषेची, जेवणाची आणि थंडीची, पण प्रत्यक्षात अडकतात ते कागदपत्रांत. आणि तिथेही कागद नसतो म्हणून क्वचितच, क्रम चुकतो म्हणूनच जास्त. इथे सिमला पासपोर्ट लागतो, बँकेला सिम लागतं, फोनवरून पैसे द्यायला बँक लागते, आणि पासपोर्ट मात्र मधेच दोन-तीन आठवडे पोलिसांच्या ऑफिसात जाऊन बसतो. हे आधी कुणी सांगितलं तर पहिला महिना खरंच सोपा जातो, म्हणून सविस्तर लिहितेय. मी इथे फिजिक्स शिकवते आणि दर ऑगस्ट-सप्टेंबरला नवीन आलेल्यांना हेच सगळं सांगत असते.

निघायच्या आधी

"आत्ता एम व्हिसावर या, इथे आल्यावर वर्क व्हिसा करून देतो" असं एजंट म्हणाला की तिथेच थांबा. एम म्हणजे बिझनेस व्हिसा, त्यावर शिकवणं बेकायदा आहे, टुरिस्ट व्हिसावरही बेकायदा आहे. पकडलं तर दंड शिकवणाऱ्यालाही होतो, ५ हजार ते २० हजार युआन, आणि प्रकरण गंभीर धरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी आणि मग परत पाठवणी. झेड व्हिसा, म्हणजे नोकरीचा व्हिसा, हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. भारतीय पासपोर्टवर इंग्लिश शिकवायची ऑफर असेल तर आणखी सावध राहा, कारण भाषा शिकवायला साधारणपणे ती भाषा मातृभाषा असलेल्या देशांतले लोक किंवा तिथे डिग्री केलेले लोक धरतात. आपल्या लोकांना मॅथ्स, सायन्स, कॉम्प्युटर या विषयांत रीतसर परमिट मिळायची शक्यता जास्त असते. मुलांच्या खाजगी क्लासेसचं मार्केटही २०२१ च्या जुलैमध्ये सरकारने शाळेच्या विषयांच्या शिकवण्यांवर कडक बंधनं आणल्यापासून पार बदललंय, त्यामुळे त्याआधी आलेल्या कुणाचे अनुभव ऐकून प्लॅन करू नका.

पासपोर्टची मुदत दीड-दोन वर्षंच उरली असेल तर भारतातच रिन्यू करून या. इथेही होतो, पण नंबर बदलला की बँक, सिम, व्हीचॅट (मेसेज आणि पैसे दोन्हीचं ॲप), अलीपे (पैसे द्यायचं ॲप), रेल्वेचं ॲप, वर्क परमिट सगळीकडे नवा नंबर घालत फिरावं लागतं आणि रेसिडेन्स परमिटवरचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावरचा, बदल तर १० दिवसांत कळवावा लागतो.

नावाचा घोळ

याबद्दल सगळ्यात जास्त लिहितेय कारण आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांना हा हमखास नडतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव अधिक वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात असतं. डिग्रीवर मात्र बऱ्याचदा आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर डिग्रीवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण वर्क परमिटची फाईल तपासणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं दिसतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं ॲफिडेव्हिट आणि मॅरेज सर्टिफिकेट डिग्रीबरोबरच अटेस्ट करून आणा. डिग्री आणि पोलिस क्लिअरन्स दोन्हीच्या अटेस्टेशनला वेळ जातो, त्यामुळे ऑफर आल्या आल्या सुरू करा.

मग बँक. परवा एका नवीन सहकाऱ्याबरोबर गेले होते. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मशीनवर ठेवला, मशीनने नाव उचललं नाही, मग तिने हाताने टाईप केलं, आधी स्नेहा रमेश मग जोशी, मधली एक स्पेस गाळून. आम्ही स्क्रीन आमच्याकडे वळवायला सांगितली म्हणून लगेच दिसलं. तसंच राहिलं असतं तर व्हीचॅटला कार्ड जोडताना नाव जुळत नाही असा मेसेज येत राहिला असता आणि कारण शोधण्यात आठवडा गेला असता, कारण ॲपला बँकेत नोंदलेलं नाव स्पेससकट जसंच्या तसं लागतं. तेव्हा तीन गोष्टी करा. खातं उघडताना सही करायच्या आधी नाव वाचून घ्या. उघडल्यावर मिळालेल्या स्लिपचा फोटो काढून ठेवा. आणि शाळेच्या एचआरला पगारासाठी तोच फोटो पाठवा, नाव तोंडी सांगू नका, कारण वडिलांचं नाव गाळलं म्हणून पहिला पगार परत गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

आधीच चुकलं असेल तर ॲपमध्ये उलटसुलट नावं टाकून बघत बसू नका, चार-पाच वेळा चुकलं की तेही लॉक होतं. पासपोर्ट घेऊन बँकेत जा आणि नोंदच दुरुस्त करून घ्या.

आल्यावरचे पहिले तीस दिवस

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. फ्लॅटवर किंवा मित्राकडे उतरलात तर २४ तासांत जवळच्या पोलिस चौकीत तुम्ही स्वतः नोंदवायची, हल्ली बऱ्याच शहरांत ऑनलाईन पण होते. "शाळा बघेल" म्हणून सोडून देऊ नका, शाळेला सुट्टी असू शकते आणि दंड २ हजार युआनपर्यंत तुमच्यावर बसतो. घर बदललं की परत नोंदवायचं. त्या नोंदीचा कागद पुढे रेसिडेन्स परमिटला लागतोच.

झेड व्हिसावर आल्यापासून ३० दिवसांत रेसिडेन्स परमिटसाठी अर्ज गेला पाहिजे आणि हे ३० दिवस कॅलेंडरचे असतात. सप्टेंबरच्या मध्यावर आलात तर १ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय दिनाची सुट्टी त्यात आठवडाभर खाते, ऑफिसं बंद. मेडिकल पहिल्या आठवड्यातच उरकून टाका, उपाशीपोटी सकाळी जायचं, रक्त, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी सगळं एका फेरीत होतं.

आणि आता तो क्रम. परमिटला अर्ज केला की पासपोर्ट ठेवून घेतात आणि फोटो लावलेली एक पावती देतात. त्या पावतीवर देशातल्या देशात हॉटेल, ट्रेन चालतं, पण बँका खातं उघडायला सहसा तयार होत नाहीत. म्हणून पासपोर्ट द्यायच्या आधी सिम, मग बँक, मग व्हीचॅट आणि अलीपे, एवढं करून घ्या. खातं होईपर्यंत अलीपेला आपलं भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडता येतं, २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा चार्ज नाही, वर गेलं की ३ टक्के. फक्त कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार निघायच्या आधी चालू करा, आणि ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. ते सिम बंद पडलं तर भारतातली बँक इथून जवळपास बंदच झाली समजा.

घरच्यांशी बोलणं

इथे व्हॉट्सॲप, जीमेल, यूट्यूब, गूगल काही उघडत नाही आणि व्हीचॅट भारतात जून २०२० पासून बंद आहे, म्हणजे आईला व्हीचॅट घे म्हणून सांगता येत नाही. हे विमानात बसायच्या आधी घरच्यांना नीट समजावून ठेवा नाहीतर दोन दिवस फोन नाही म्हणून तिकडे सगळे काळजीत. दोघांकडे आयफोन असेल तर फेसटाईम चालतो. बाहेरच्या देशाच्या सिमवरचा रोमिंग डेटा त्या देशाच्या कंपनीमार्फत जातो म्हणून त्यावर व्हॉट्सॲपही चालतं, पहिल्या आठवड्यापुरता एक पॅक घेऊनच या. शाळेचा पत्रव्यवहार, तिकिटं, डिग्रीचे स्कॅन हे जीमेलमध्येच असतील तर आउटलुकवर हलवा आणि फोनमध्येही उतरवून ठेवा. रस्ता शोधायला आमॅप हे नकाशाचं ॲप घ्या.

घर आणि थंडी

भाडं बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांचं आगाऊ आणि वर एक महिन्याचं डिपॉझिट, म्हणजे चार महिन्यांचे पैसे एकदम. पहिला पगार व्हायच्या आधी हे लागतात, तेवढी सोय करून या. घरमालक पोलिस नोंदणीसाठी घराचे कागद द्यायला कां कूं करत असेल तर घर कितीही छान असू दे, घेऊ नका.

थंडीचा अंदाज आपले लोक नकाशावरून लावतात आणि तो चुकतो. हार्बिन, बीजिंग इकडे सरकारी हीटिंग असतं, बीजिंगला साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च, घरात टी-शर्टवर बसता येतं. यांगत्से नदीच्या पट्ट्यात, म्हणजे शांघाय, हांगझोऊ, वुहान, चांगशा, तिथे पारा शून्याच्या आसपास येतो आणि सरकारी हीटिंग नसतं. जानेवारीत वर्गात हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघड्या, मुलं जाड जॅकेट घालून बसलेली, फळ्यावर लिहिताना बोटं वळत नाहीत. दक्षिणेला चाललोय म्हणून स्वेटर कमी घेऊ नका. इथे आल्यावर ताओबाओ या शॉपिंग ॲपवरून गादीवर घालायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट मागवा, त्याच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही.

शाळेत

वेळापत्रक आयत्या वेळी बदलतं. रात्री दहाला ग्रुपवर मेसेज येतो की उद्या तिसऱ्या तासाला पालक बघायला येणार आहेत. यावर चिडून ग्रुपवर सगळ्यांसमोर काही लिहू नका, समन्वयकाला बाजूला घेऊन बोला, खूप फरक पडतो. मोठ्या सुट्ट्यांच्या आगेमागे शनिवार-रविवार भरून काढायला शाळा भरते, तो तक्ता बघितल्याशिवाय भारताचं तिकीट काढू नका. दिवाळीची सुट्टी कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घेतली नसेल तर नाही मिळत. दुपारी जेवणानंतर मुलं आणि बरेच शिक्षक झोपतात, त्या वेळात स्टाफरूममध्ये फोनवर बोलू नये. बाकी मुलं गोड असतात, आणि जुने शिक्षक भारत म्हटलं की चीन-जपान युद्धात इथे जखमींवर उपचार करणाऱ्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव काढतात, शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे. त्यांची माहिती असू द्या, गप्पा तिथूनच जुळतात.

शाकाहारी असाल तर

"मांस नको" एवढं सांगून भागत नाही, भेंडीवर किंवा टोफूवर चिमूटभर खिमा आला तरी वाढणाऱ्याला ते मांसाहारी वाटत नाही. खिमा, मासे, ऑयस्टर सॉस, चरबी, चिकनचं पाणी यातलं काही नको असा पूर्ण मजकूर चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. टोमॅटो-अंडं, आंबट-तिखट बटाट्याचा कीस, वांगं-बटाटा-मिरची, हे जवळपास कुठेही मिळतं. बौद्ध मंदिरांच्या आसपास शाकाहारी भोजनालयं असतात, ती उत्तम. छोटा कुकर आणि गोडा मसाला आणा, बाकी मसाले ऑनलाईन मिळतात.

पैसे पाठवताना आणि नोकरी सोडताना

वर्क परमिट एकाच संस्थेचं असतं, बाहेर शिकवण्या घेतल्या की "निघायच्या आधी" या भागात सांगितलेला दंड लागू. नोकरी बदलायची तर जुन्या शाळेचं रिलीज लेटर आणि परमिट रद्द झाल्याचा कागद हवा, त्याशिवाय नवीन शाळा पुढे सरकू शकत नाही. नोटीस लेखी द्या, ३० दिवस आधी, आणि त्याची पोच घ्या. पगार भारतात पाठवायला बँक कॉन्ट्रॅक्ट आणि टॅक्स भरल्याचा दाखला मागते, ते नसलं तर दिवसाला ५०० डॉलरच बदलून मिळतात. टॅक्सचा दाखला दर तीन-चार महिन्यांनी ॲपवरून काढून ठेवा, शाळा सोडून शहर बदलल्यावर एकदम मागायला गेलात तर फेऱ्या माराव्या लागतात.