अंगाखाली काय घेतलंय?

गेल्या जानेवारीत मुरबाडच्या पुढे, नाणेघाटाच्या पायथ्याला, मित्राच्या मामांच्या शेतावर आम्ही चौघं ठाणेकर रात्र काढायला गेलो. तंबू नाही, हॉटेल नाही, निवारा आणि जाळ आपल्या हातांनी करायचा, असा बेत. चकमक होती, सुरी होती, ताडपत्री होती, दोरीचं भेंडोळं होतं. आठवडाभर बाल्कनीत गाठींचा सराव झाला होता. आणि रात्री अडीचला मी स्लीपिंग बॅगेत उठून बसलो होतो, कारण उजव्या खुब्यापासून खांद्यापर्यंत बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखं झालं होतं. अंगावर सगळं होतं, अंगाखाली नुसती ताडपत्री. म्हणून तुम्हीही असं रात्र काढायला निघणार असाल तर यादीत पहिलं तेच: अंगाखाली काय?

ठाण्यात थंडी म्हणजे पंखा दोनवर आणायचा, एवढीच आपली अक्कल. स्लीपिंग बॅग स्वतः गरम नसते. तिच्या फुगीर अस्तरात अडकलेली हवा आपलीच ऊब धरून ठेवते. पाठीखाली ते अस्तर चेपलं की हवा गेली, आणि जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत बसते. बॅगेवर छापलेलं तापमानसुद्धा खाली चटई आहे असं धरूनच काढलेलं असतं. दुकानात तो आकडा वाचून मी ‘पुरे की’ म्हणालो होतो. तेव्हा कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळून नेायची फोमची चटई, घ्या. योगाची पातळ चटई असेल तर एकावर एक दोन घाला. पोहायला जाताना न्यायची फुगवायची गादी नको, तिच्या आतली हवाच गार पडते.

जंगलातल्या वस्तूंवरच निभावायचंय? मग पेंढा. सकाळी मामी चहा घेऊन आल्या, आमची तोंडं बघितली आणि म्हणाल्या, “उडवी दिसली नाय का रं?” तीस पावलांवर भाताच्या पेंढ्याची माणसापेक्षा उंच उडवी उभी होती. रात्री आम्ही तिला वळसा घालून लाकडं गोळा करत होतो! तर मागून घ्या, गुडघ्याएवढा थर घाला. झोपल्यावर तो चेपून चार बोटं उरतो. आधी काठीने झाडून घ्या, विंचू आणि उंदीर दोघांनाही पेंढा आवडतो. सागाची वाळकी पानंही चालतात, फक्त कूस बदलली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. वर ताडपत्री. आणि हा बिछाना जाळापासून लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला. पेंढा पेटायला एक ठिणगी बस आहे.

जागा. ‘येऊर आहे की इथेच’ असं कोणीतरी म्हणणारच. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे रात्री मुक्काम आणि जाळ नाही. माहुलीचा डोंगर तानसा अभयारण्यात. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. ओळखीच्या माणसाचं खाजगी शेत शोधा, आधी विचारा. शेतातही ओढ्याच्या खळग्यात पथारी टाकू नका, रात्री गार हवा उतरून तिथेच साचते. थोडं उंचावर. मान वर करून बघा, वाळकी फांदी डोक्यावर लटकत नाही ना. आणि मग खाली बघा. खाली काय अंथरणार ते ठरलंय का?

ताडपत्री दवासाठी. निरभ्र रात्री इतकं दव पडतं की पहाटे उघडी बॅग पिळता येईल. दोन झाडांमध्ये ताणून दोरी, वर ताडपत्री, वाऱ्याकडची बाजू जमिनीलगत. एका टोकाला निरगाठ, दुसऱ्या टोकाला सुरगाठ. गारठलेल्या बोटांना पहाटे दोन्हीकडची निरगाठ सुटत नाही, मग सुरीने दोरी कापावी लागते आणि ती दोरी माझी होती. हे सगळं उभारायचं ते दुपारी साडेचारच्या आत. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास जातो आणि सव्वासातपर्यंत तोंड दाखवत नाही. तेरा तास आहेत ते, झोपून काढायचे. कशावर झोपून?

जाळ. चकमकीच्या कांडीवरचा काळा थर आधी खरवडा, नाहीतर ठिणगीच पडत नाही. आम्ही वीस मिनिटं कांडीला शिव्या घालत होतो. ठिणगी धरायला घरूनच नारळाची सोडणं न्या, काथ्या चोळून पक्ष्याच्या घरट्यासारखा मऊ गोळा करा. मग काड्या, मग बोटाएवढी लाकडं, मग मनगटाएवढी. फक्त पडलेलं, वाळलेलं, मोडताना कट्‌कन आवाज करणारं. उन्हं असताना गोळा करून झाका. पुरेल वाटतं त्याच्या तिप्पट. आमची चारला संपली, आणि सगळ्यात जास्त गारठा तर सूर्य उगवायच्या सुमाराला असतो. खिशात लायटर असू द्या, कमीपणा नाही त्यात. निखारे घमेल्यात घालून बंद तंबूत न्यायचं डोकं कोणाचं चाललं तर त्याला आधी अडवा, निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने झोपेतच माणूस जातो. दारूने ऊब येते हाही भ्रम. चामडी गरम लागते आणि आतली उष्णता निसटते.

कोयता ठाण्याहून नेऊ नका. शेतावर असतोच, आणि लोकलमध्ये त्याचा खुलासा कोण करत बसणार? स्टोव्हचा गॅस किंवा रॉकेलही गाडीत नेता येत नाही. सुरी अंगापासून लांब चालवा.

पाणी: डिसेंबरनंतर बरेच ओढे आटतात. विहिरीचं विचारून ठेवा, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवून मगच प्या. झोपताना तेच गरम पाणी स्टीलच्या बाटलीत भरून, मोजा चढवून पायाशी. कोरडे मोजे वेगळे, कानटोपी. घामाचा टीशर्ट घालून झोपू नका.

बूट सकाळी झटकून घाला. साप चावला तर बांधणं-कापणं नाही, अवयव हलू न देता १०८.

जेवण: खिचडी. कांदा घरून चिरून न्या. बॅटरी, शिटी, औषधं, हे सांगायला नको.

निघायच्या आदल्या रात्री सॅक भरून झाली की घरच्या फरशीवर, गादीशिवाय, फक्त नेणार आहात तेवढ्यावर तासभर आडवे व्हा. खुबा बोलला तर अजून एक चटई.

परतताना राख हात घालून बघा, गार लागेपर्यंत पाणी ओता. कचरा ठाण्याला. पेंढा जिथून आणला तिथे, दवाने भिजलेला वेगळा वाळत घालून. गुरांचा चारा आहे तो.